पाटाचं घड्याळ

मुलांनो, अशी एक कचेरी डोळ्यांसमोर आणा, जिच्या भिंतीवरचं घड्याळ उन्हाळाभर एक तास मागे असतं. ते मागे आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, कचेरीतल्या लोकांनाही ठाऊक आहे, आणि तरी कुणी त्याला हात लावत नाही. का लावत नसतील, सांगा बरं?

तुम्ही म्हणाल, आळशी असतील. तसं नव्हतं. कोलोराडोतल्या सान अकासियो गावाची माणसं पहाटे चारला उठणारी होती. डोंगरावरचं बर्फ वितळलं की ओढ्याला पाणी यायचं, ओढ्यातून ते पाटात यायचं, आणि त्या एका पाटावर सात घरांची शेतं भिजायची. पाणी थोडं, शेतं सात. म्हणून प्रत्येकाची पाळी ठरलेली. अमक्या वारी अमक्या तासापासून तमक्या तासापर्यंत. आपली पाळी संपली की आपल्या शेताच्या तोंडाशी फळी टाकायची आणि पाणी पुढच्याला सोडायचं. कोणत्या घड्याळानं, यावर भांडण नको म्हणून सातही घरांनी मिळून एक घड्याळ विकत घेतलं आणि गावातल्या सर्वांत पक्क्या भिंतीवर, म्हणजे न्यायालयाच्या कचेरीत, टांगलं. त्याच्याखाली पाळ्यांचा फळा.

मग एके वर्षी सरकारनं ठरवलं की एप्रिलच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता सगळ्या देशानं घड्याळ एक तास पुढे करायचं. संध्याकाळी उजेड जास्त मिळतो म्हणे. दोनचे एकदम तीन. आता त्या पहाटे पाणी होतं एदुविगेन मावशींच्या कांद्यांना. एकापासून चारपर्यंत त्यांची पाळी. दोनचे तीन झाले, आणि तीन तासांच्या पाळीत दोनच तास पाणी मिळालं. मावशी दुसऱ्या दिवशी पाटाच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा एक तास सरकारनं प्याला. सरकारला सांगा, येऊन माझे कांदे भिजव."

त्या दिवसापासून पाटाचं घड्याळ हलवायचं नाही असं ठरलं. कचेरीतल्या कारकून एर्लिंदाबाई कागदावर वेळ लिहिताना मनातल्या मनात एक तास मिळवायच्या, झालं.

एर्लिंदाबाई ही सेलेची आत्या. सेले म्हणजे सेलेदोनिया आर्चुलेता, वय अकरा, आणि ही तिचीच गोष्ट आहे. तिचे आजोबा, ओनेसिमो आर्चुलेता, त्या पाटाचे पाटकरी होते. पाळ्या लावणं, फळ्या तपासणं, भांडणं मिटवणं हे त्यांचं काम. सेलेचे आईबाबा बटाट्याच्या गोदामात कामाला जात, त्यामुळे सेलेची सकाळ आजोबांबरोबर पाटावर जायची.

आदल्या उन्हाळ्यातली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. आजोबांनी तिला एकटीला फळी टाकायला पाठवलं होतं. ती गेली, पण पाटाच्या कडेला बेडकांची पिल्लं होती. शेपटी अजून असलेली, नुकते पाय फुटलेली. ती पाहत बसली, आणि फळी वीस मिनिटं उशिरा पडली. ती वीस मिनिटं मावशींची होती. कुणी पाहिलं नव्हतं. घरी येऊन तिनं आजोबांना सांगितलं, तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? पाणी माझं थोडंच घेतलंस? ज्याचं घेतलं त्याच्या दारात जायचं."

सेले मान खाली घालून मावशींच्या दारात गेली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "वीस मिनिटं ना? मला माझ्या कांद्यांनी सकाळीच चुगली केली," त्या म्हणाल्या, आणि तिच्या हातावर चार जर्दाळू ठेवले. पुढच्या पाळीला आर्चुलेतांची फळी वीस मिनिटं आधी पडली. पाटावरची रीतच तशी होती.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

त्या वर्षी, म्हणजे १९६८ साली, ओढ्याच्या वरच्या अंगाला धरण बांधायची बोलणी सुरू झाली. धरणाचं पाणी कुणाला, किती, कोणत्या वाटेनं, हे ठरवायला एक पाणी मंडळ लागतं. कोलोराडोत असं मंडळ कुणी मनात येईल तसं काढू शकत नाही. जमीनमालकांनी सह्यांचा अर्ज न्यायालयात द्यायचा, न्यायालय मंडळाला मान्यता देतं, त्यावरची माणसंही न्यायालयच नेमतं. सान अकासियोच्या लोकांनी आपल्या जिल्ह्याच्या न्यायालयासाठी अर्ज तयार केला. शेजारच्या हार्लो जिल्ह्यातल्या मोठ्या बटाटेवाल्यांनी त्यांच्या न्यायालयासाठी केला. दोघांनी आपापल्या नकाशावर रेघ ओढली, आणि सात घरांची शेतं दोन्ही रेघांच्या आत आली.

एक जमीन, दोन मंडळं. मग मालक कोणत्या न्यायालयाकडे पाहणार?

सान अकासियोच्या लोकांना भीती एकाच गोष्टीची होती. हार्लोचं न्यायालय हार्लोची माणसं नेमणार. त्यांना पाळ्या ठाऊक नाहीत, फळ्या ठाऊक नाहीत. ते म्हणणार, हा वाकडातिकडा जुना पाट कशाला, बुजवा, एकच मोठा सरळ कालवा काढू. आपल्या न्यायालयाच्या हाती मंडळ राहिलं तर आजोबा त्यावर बसतील आणि पाट राहील. सेलेला हे सगळं पाठ होतं, कारण महिनाभर घरात जेवताना दुसरा विषय नव्हता.

कायदा मात्र सोपा होता. ज्या न्यायालयात अर्ज आधी दाखल झाला, अधिकार त्याचा. दुसऱ्यानं थांबायचं. आणि गंमत अशी की दोन्ही अर्ज एकाच दिवशी दाखल झाले होते, एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी. दोन्हीकडच्यांना एकमेकांची कुणकुण लागली होती ना! म्हणून मग प्रश्न तासामिनिटांवर आला. आपल्या अर्जावर एर्लिंदा आत्याच्या हातची नोंद होती, सव्वानऊ. हार्लोच्या अर्जावर नऊ चाळीस. पंचवीस मिनिटांनी आपण पुढे.

दोन्ही न्यायालयांनी आपापला हक्क सांगितल्यावर वरच्या न्यायालयानं ब्रॅडशॉ नावाचे एक निवृत्त न्यायाधीश चौकशीला पाठवले. जूनचा पहिला आठवडा, शाळेला नुकतीच सुट्टी लागलेली. कचेरीची खोली लहान म्हणून चौकशी शाळेच्या सभागृहात ठेवली.

सेले आजोबांच्या शेजारी बसली होती. आधी हार्लोच्या कारकुनानं शपथ घेऊन नऊ चाळीस सांगितले. त्यांच्या वकिलाची गाडी वाटेत बंद पडली नसती तर नऊलाच आलो असतो, असंही तो म्हणाला. मग आत्यानं आपली नोंद वाचली. मग आजोबा उठले. टोपी हातात धरून त्यांनी शांतपणे सांगितलं की त्या दिवशी सकाळी पाळी त्यांची होती, नऊला ती संपली, त्यांनी फळी टाकली आणि नातीला गाडीत घालून सरळ कचेरी गाठली. पोचले तेव्हा सव्वानऊ. पाळी अर्धवट सोडून आधी का नाही आलात, असं न्यायाधीशांनी विचारलं. आजोबा म्हणाले, "पाणी मध्येच सोडून कसं येणार, साहेब?"

सभागृहात सगळे हसले. सेलेही हसली, आणि हसता हसता थांबली.

नऊला पाळी संपली. पाळी कोणत्या घड्याळानं संपते?

तिला तो सोमवार आठवला. कचेरीतून आजोबांनी तिला शाळेत सोडलं होतं. लुंडक्विस्ट बाईंनी दारातच तिला थांबवून उशिराची चिठ्ठी लिहिली होती. दरवर्षी त्या सोमवारी पाटावरची मुलं उशिरा येत, म्हणून बाई रागावल्या नव्हत्या, नुसत्या हसल्या होत्या. चिठ्ठीवर घरच्यांची सही घ्यायची असते. आजोबांनी चष्मा नसताना ती केली होती. बाईंना दाखवून झाल्यावर सेलेनं चिठ्ठी भूगोलाच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली होती, आणि सुट्टी लागताना सगळी पुस्तकं वर्गातल्या तिच्या कप्प्यातच राहिली होती. वर्ग सभागृहाच्या पलीकडे होता.

न्यायाधीशांनी जेवणाची सुट्टी दिली आणि निकाल दोन वाजता सांगतो म्हणाले. सेले वर्गात गेली, पुस्तक उघडलं. चिठ्ठी होती. २९ एप्रिल. शाळेत आल्याची वेळ, साडेदहा. कारण या शब्दापुढे बाईंनी लिहिलं होतं, "पाटाच्या घड्याळाने आली."

कचेरीपासून शाळा दहा-पंधरा मिनिटांवर. बोटांवर मोजायचीही गरज नव्हती. आत्या त्या दिवशी एक तास मिळवायला विसरली होती. अर्ज सव्वादहाला पोचला होता.

बाहेर कॉटनवुडच्या झाडांच्या सावलीत सातही घरं जेवायला बसली होती. तोर्तियाच्या पातळ पोळ्या, घेवडा, हिरव्या मिरचीचा रस्सा. एदुविगेन मावशी आजोबांना चिडवत होत्या की मंडळावर बसलास की टोपी तरी नवी घे, हिला बघून धरणातलं पाणी परत डोंगरावर जाईल. सगळे इतके खुशीत होते की सेलेनं ताट तसंच बाजूला ठेवलं. आजोबांकडे पाहायचं धाडस होत नव्हतं. चूक ज्याची, त्याला आधी सांगावं, असा तिनं विचार केला आणि चिठ्ठी आत्याच्या मांडीवर ठेवली.

आत्यानं वाचली. पुन्हा वाचली. तिचा चेहरा उतरला.

"पहिलाच दिवस होता," ती हळू आवाजात म्हणाली. "आदल्या शुक्रवारपर्यंत मिळवायचं नव्हतं. हात सवयीनं चालला."

चिठ्ठी मग आजोबांकडे गेली. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. मावशी त्यांच्या खांद्यावरून वाचत होत्या. त्या म्हणाल्या की यात खोटं काय आहे, सूर्य तर आपल्याच घड्याळानं उगवतो, हार्लोवाल्यांनी तासभर आधी उठायचं ठरवलं त्याला आपण काय करणार? एकदोघे हसले, पण फार नाही. आत्या आपल्या हातांकडे पाहत होती. कारकुनाची चूक सगळ्यांसमोर उघडी पडणार, आणि पाट जाणार, दोन्ही तिच्याच हातून.

"सही माझीच आहे," आजोबा म्हणाले.

"आजोबा, तुम्ही सकाळी खोटं बोललात का?" सेलेनं विचारलं. तिला तेच सगळ्यात जास्त टोचत होतं.

"पाटावर बोललो असतो तर खरं होतं. पण मी पाटावर नव्हतो ना." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि ती सेलेच्या हातात परत दिली. "पंचवीस मिनिटं आपण पुढे नव्हतो, पस्तीस मिनिटं मागे होतो. आपल्या पाळीच्या आधीच फळी उचलली आपण, पोरी. न कळत."

"मग आता?"

"तुला ठाऊक आहे."

सेलेनं मावशींकडे पाहिलं. पाहिलं कशाला, ते तिलाही नीट कळलं नाही. कदाचित तिला वाटलं असेल की त्या नको म्हणतील. मावशी तोर्तियाचा तुकडा रश्श्यात बुडवून तसाच धरून बसल्या होत्या. "माझ्याकडे काय बघतेस?" त्या म्हणाल्या. "वीस मिनिटांसाठी माझ्या दारात आली होतीस. आज तर अख्खा तास आहे. जा."

ब्रॅडशॉ साहेब पाचवीच्या वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून बसले होते आणि चाकूनं सफरचंद कापत होते. समोर हार्लोचे वकील होते; एकाच बाजूशी न्यायाधीशानं एकांतात बोलू नये म्हणून साहेबांनी वर्गाचं दार दोन्हीकडच्यांना उघडं ठेवलं होतं. सेले दारात उभी राहिली. तिच्या मागे तीन पावलांवर आजोबा, त्यांच्या मागे आत्या.

"ही आमच्या बाजूची आहे," सेले म्हणाली आणि चिठ्ठी पुढे केली. मग तिला वाटलं की आपण बरोबर बोललो नाही. "म्हणजे, तुमच्या बाजूची," ती वकिलांना म्हणाली.

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि पाटाचं घड्याळ म्हणजे काय, असं विचारलं. सेलेनं सांगायला सुरुवात केली. पाळ्या, फळ्या, दोनचे तीन, मावशींचे कांदे, सरकारनं प्यालेला तास. अडखळली तिथे आजोबांनी एकेक शब्द दिला, जास्त नाही. आत्या म्हणाली की चूक तिची, तिनं एक तास मिळवायला हवा होता, आणि आजोबा म्हणाले की सकाळची साक्ष त्यांना पुन्हा द्यायची आहे. साहेब ऐकत होते. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडत चालल्या होत्या.

"पाण्यासाठी तुमचं घड्याळ बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "ते हलवू नका. कागदासाठी मात्र चालणार नाही."

दोन वाजता, शाळेच्या घड्याळानं दोन वाजता, त्यांनी निकाल सांगितला. आधी दाखल झालेला अर्ज हार्लोचा. सात घरांच्या जमिनीवर दोन न्यायालयांचा अधिकार चालू शकत नाही, एका वहीवर दोन मास्तरांनी गुण देऊ नयेत तसं. म्हणून मंडळाचं सगळं काम यापुढे हार्लोच्या न्यायालयात चालेल. सान अकासियोच्या अर्जातला तेवढा भाग तिथेच थांबेल. कारकूनबाईंची चूक प्रामाणिक होती, असंही त्यांनी नोंदवलं.

सेलेला वाटलं, आता सगळे आपल्याकडे वळून बघतील. कुणी बघितलं नाही, आणि तेही तिला बरं वाटलं नाही.

पण साहेबांनी कागद मिटला नव्हता. त्यांनी पुढे वाचलं की या जमिनीवर एक जुना पाट आहे, तो पाळ्यांनी चालतो, पाळ्यांचं स्वतःचं घड्याळ आहे, आणि ते का हलवत नाहीत याचं कारण असं असं. एदुविगेन मावशींचा तास त्यात होता. कांदेसुद्धा होते. हे सगळं निकालाबरोबर हार्लोच्या न्यायालयाकडे जाईल, ते म्हणाले, म्हणजे मंडळ नेमणाऱ्यांना पाट ठाऊक नव्हता असं म्हणता येणार नाही. मंडळासाठी नावं अजून घेतली जात आहेत. सात घरांपैकी कुणीही नाव देऊ शकतो. गुरुवारी सकाळी दहाच्या आत, स्वतः हजर राहून.

"कोणत्या दहाच्या?" मागून मावशींचा आवाज आला.

या वेळी हार्लोचे वकीलही हसले. सरकारच्या दहाच्या, साहेब म्हणाले.

घेतील का आजोबांचं नाव? ते त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. हार्लोचं न्यायालय परकं होतं आणि तिथे आजोबांना ओळखणारं कुणी नव्हतं. गाडीत बसताना आजोबा एवढंच म्हणाले की गुरुवारी लवकर निघावं लागेल, आणि किल्ली न फिरवता पाटाच्या दिशेनं पाहत राहिले. ते का पाहत होते हे सेलेच्या लक्षात आलं. गुरुवारी सकाळची पाळी त्यांची होती, आणि ती पाटाच्या नऊला, म्हणजे सरकारच्या दहाला संपणार होती. पाणी मध्येच सोडून ते कधीच कुठे गेले नव्हते. त्या सोमवारी तर अर्जासाठीसुद्धा नाही.

आत्याला कचेरीचं दार उघडायला लावून सेले आत गेली. बुटांच्या रिकाम्या खोक्याचं झाकण तिनं कात्रीनं सरळ कापलं आणि मोठ्या अक्षरांत त्यावर लिहिलं, "हे घड्याळ पाण्याचं आहे. कागदासाठी एक तास मिळवा." आत्यानं खुर्ची धरली. सेलेनं वर चढून ते झाकण घड्याळाखाली खिळ्याला अडकवलं. वाकडं लागलं होतं, ते सरळ केलं.

मग खाली उतरून तिनं फळ्यासमोरचा खडू घेतला. गुरुवारच्या ओळीत, सहा ते नऊ यापुढे, आजोबांचं नाव होतं. ते तिनं बाहीनं पुसलं आणि तिथे स्वतःचं लिहिलं.